दाजीसाहेबांची विचारी गाडी

"गाडी तापलेली नाही, प्रधान. ती विचार करते आहे."

दाजीसाहेब विजयकर हे वाक्य उच्चारायचे तेव्हा गाडीच्या नाकातून वाफेचा फवारा निघालेला असायचा, आत पाणी खदखदत असायचं, मागे ट्रामवाला पायाने घंटा बडवत असायचा आणि मी रॉकेलचा रिकामा डबा हातात धरून, आता कुणाच्या दारात पाणी मागायचं, म्हणून इकडेतिकडे बघत असायचो. दाजीसाहेब मात्र सावकाश खाली उतरायचे, कोटाची बटणं चाचपायचे, खिशातला रुमाल काढून त्याची चौकोनी घडी घालायचे आणि ती रेडिएटरच्या झाकणावर ठेवून दोन पावलं मागे सरकून उभे राहायचे. वरिष्ठांच्या खोलीबाहेर माणूस उभा राहतो तसे. घाई नाही, चिडचिड नाही. चिडचिड करायला मी होतोच.

आम्ही गिरगावात खोताच्या वाडीत समोरासमोर राहायचो. ते स्वतःच्या दुमजली लाकडी घरात, मी समोरच्या घरात पोटभाडेकरू. मी विम्याच्या कचेरीत कारकून, लग्न व्हायचं होतं आणि रविवार मोकळा. एवढ्या पात्रतेवर दाजीसाहेबांनी मला मागच्या सीटवर पाणक्या म्हणून नेमलं. नेमलं म्हणजे विचारलं वगैरे काही नाही. एका रविवारी खालून हाक आली, "प्रधान, डबा घेऊन या," आणि मी गेलो. का गेलो ते आजतागायत मला कळलेलं नाही.

विजयकर हे मुंबईतलं जुनं प्रभू घराणं. एके काळी म्हणे यांच्या नारळाच्या वाड्या होत्या. दाजीसाहेब चर्नी रोडकडे छत्री रोखून म्हणायचे, "आमचे नारळ पडायचे तिथे आता लोक ट्रामची वाट बघतात." वाड्या कधीच गेल्या. राहिलं ते घर, सरकारी नोकरीचं पेन्शन आणि ही गाडी. इंग्रज जायला निघाला तेव्हा दाजीसाहेबांच्या साहेबाने जाता जाता ती यांच्या गळ्यात मारली. काळी, उंच, दोन्ही बाजूंनी पंखासारखं उघडणारं बोनेट, आणि पुढे नाकावर पाण्याचं पितळी झाकण.

माणूस उंच, सडपातळ. पांढरी पाटलोण, गळ्यापर्यंत बंद कोट, काळी टोपी. आयुष्य सचिवालयात गेलं आणि निवृत्त झाल्यावर सचिवालय यांच्या घरी राहायला आलं. माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, जेवताना विचारावं, "आमटीत मीठ बरोबर आहे ना?" तर उत्तर यायचं, "प्रथमदर्शनी बरोबर वाटतं." गॅलरीचा कठडा सुतार कधी दुरुस्त करणार? "प्रकरण विचाराधीन आहे." आणि कुठलीही गोष्ट मनापासून सांगायची असली की शेवटी दोनच शब्द: "नोंद घ्या." मी कारकून असल्यामुळे नोंद माझ्याकडेच यायची.

आणखी एक खोड होती. दाजीसाहेब घराबाहेर पाण्याचा थेंब घेत नसत. घरचं पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून फिरकीच्या तांब्यात भरायचं, तो तांब्या बरोबर. लग्नाला गेले तरी पंगतीत पानाशेजारी स्वतःचा तांब्या. माई म्हणायच्या, "ह्यांचं पाणी घरी उकळतं आणि गाडीचं रस्त्यात. आमच्या घरात कच्चं पाणी मिळायचंच नाही."

माई म्हणजे दाजीसाहेबांच्या नेमकं उलट. ठेंगण्या, गोऱ्या, जिभेला लगाम नाही. त्यांची थोरली बहीण आक्का शीवला राहायची. आक्कांना संधिवाताने घराबाहेर पडणं जमत नसे, म्हणून महिन्यातून एका रविवारी माईंनी भुजण्याचा डबा घेऊन शीवला जायचं, ही जुनी रीत. भुजणं म्हणजे प्रभूंच्या घरचं मासळीचं, आणि माईंच्या हातचं म्हणजे तर काय विचारता! गाडीचं सगळं रामायण या एका वाटेवर घडलं. गिरगाव ते शीव, मध्ये भायखळा, लालबाग, परळ, दादर.

सुरुवात साध्या गळतीने झाली. रेडिएटर ठिबकायला लागला. वाडीतच पास्कोल नावाचा मेकॅनिक राहायचा. अंगाने आडवा, तोंडाने त्याहून आडवा. त्याने पहिल्यांदा रेडिएटरात हळदीची पूड ओतली. "साब, हळद फुगते, भोक बंद. विलायतेत पण हेच करतात." विलायतेत हळद कुठून आली, हे कुणी विचारलं नाही. त्या रविवारी भायखळ्याला गाडीच्या नाकातून पिवळंधमक पाणी उसळलं आणि फुटपाथवरची एक बाई ओरडली, "अगो बाय, कढी उतू गेली!"

मग मात्र पास्कोलने मनावर घेतलं. रेडिएटर काढून नवा गाभा बसवला, रबरी नळ्या नव्या, पंपाचं वायसर नवं, पंख्याचा पट्टा नवा. गाडी आणून दिली आणि छाती ठोकून म्हणाला, "मोतमाउलीची शपथ साब, आता हिच्यावर बर्फ विका."

ही जानेवारीतली गोष्ट. त्या जानेवारीत मुंबईत गोळ्या चालल्या. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून कळलं आणि गिरगाव, लालबाग, परळ रस्त्यावर आलं. आमच्या पलीकडच्या चाळीत एक कंपाउंडर राहायचा. दाजीसाहेबांचं खोकल्याचं औषध तोच बाटलीला कागदाची खूण चिकटवून द्यायचा. तो दवाखाना बंद करून घरी यायला निघाला आणि आलाच नाही. दाजीसाहेब तोवर या सगळ्यापासून चार हात लांब होते. सरकारचं मीठ खाल्लेला माणूस, गॅलरीतून मोर्चे बघायचे आणि आत जायचे. पण कंपाउंडर गेल्यावर ते कितीतरी दिवस गॅलरीतही आले नाहीत. खोकायचे, पण दुसरीकडून औषध आणलं नाही.

पुढे वाडीत सभा झाली. दाजीसाहेब आले आणि मागच्या बाकावर बसले. कुणीतरी टोमणा मारलाच, "दाजीसाहेब, जपून हां, पेन्शन बंद होईल!" सगळे हसले. दाजीसाहेब उभे राहिले, कोटाची बटणं चाचपली आणि म्हणाले, "माझ्या गाडीच्या तोंडावर मागणीचा फलक लागेल. ती जाईल तिथे समोरच्याला वाचावाच लागेल. आणि मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य होईपर्यंत तो उतरणार नाही. नोंद घ्यावी."

असा टाळ्यांचा कडकडाट झाला की वाडीतली कुत्री भुंकायला लागली. मला त्या माणसाचा त्या दिवशी फार अभिमान वाटला. आता कशाला लपवू, डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्याच दिवशी जाड मांजरपाटावर तेलरंगाने तीन ओळी रंगवून घेतल्या. वर 'मुंबईसह', मध्ये 'संयुक्त महाराष्ट्र', खाली 'झालाच पाहिजे'. चारी टोकांना सुतळ्या लावून फलक गाडीच्या नाकावर, जाळीवरून, कचकचून बांधला. माई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "ते फडकं असं तोंडावर बांधलंत, तर घुसमटेल की हो ती."

"ती गाडी आहे," दाजीसाहेब म्हणाले.

पुढच्या रविवारी शीवला निघालो. भायखळ्याला गाडी विचार करू लागली.

आता सगळ्यांनी पास्कोलला धरलं. नव्याकोऱ्या रेडिएटरची गाडी, आणि उकळते कशी? पास्कोल म्हणाला, पंप. पंप बदलला. भायखळा. पास्कोल म्हणाला, नळीत हवा अडकली. गाडी वाडीबाहेरच्या चढावर नाक वर करून उभी केली आणि पाणी भरत हवा काढली. भायखळा. मग तो म्हणाला, थर्मोस्टॅट. ही इंजिनात एक छोटी झडप असते, पाणी गरम झालं की ती उघडते. ती उघडते की नाही ते बघायला पास्कोल थेट माईंच्या स्वयंपाकघरात शिरला, चुलीवर दिसलं त्या पातेल्यात झडप टाकली आणि खाली जाळ वाढवला. माई देवघरातून येऊन बघतात तर पातेल्यावर पास्कोल, दाजीसाहेब आणि मी अशी तीन डोकी वाकलेली.

"काय शिजतंय?"

"इंजिनाचा पार्ट, माई," पास्कोल अभिमानाने म्हणाला. "बघा कसा उघडतो!"

"माझ्या भुजण्याच्या पातेल्यात?" त्यानंतर माई जे बोलल्या ते खोताच्या वाडीत टोकापर्यंत ऐकू गेलं. झडप मात्र उघडली होती. झडपेत दोष नव्हता.

गंमत अशी की पास्कोलच्या गॅरेजात गाडी तासन् तास चालू ठेवली तरी थंड. का, तर तिथे बोनेटचे दोन्ही पंख उघडे, बाजूने वारा. रस्त्यावर पंख मिटले की संपलं. हे पास्कोलच्या डोक्यात शिरायला पावसाळा उजाडला. एके दिवशी तो वाडीत धावत आला, "सापडलं! सापडलं साब! गाडीला पुढून हवाच नाय! तुमच्या बोर्डाने नाक बंद केलंय!" जणू त्याने अमेरिका शोधली.

"मी पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं?" माई म्हणाल्या.

दाजीसाहेबांनी शांतपणे टोपी सारखी केली. "सदर सूचना तोंडी आल्यामुळे तिची नोंद झाली नव्हती."

आता कुणालाही वाटेल, फलक काढला की झालं. पण शब्द दिला होता, साऱ्या वाडीसमक्ष. टपावर लावा म्हटलं, तर "मी तोंडावर म्हटलं होतं." बोनेटचे पंख काढून टाका म्हटलं, तर "ती उघडी फिरणार नाही." मग पास्कोल म्हणाला, फलकाला भोकं पाडू. त्यावर विजयकरांच्या गॅलरीत अर्धी वाडी जमली. पास्कोलने खडूने गोल काढून दाखवला. हवा लागते ती नेमकी इथे, वर, मधोमध. गोलात शब्द होता 'मुंबईसह'.

सगळे गोलाकडे बघत राहिले.

"म्हणजे मुंबई कापायची?" कुणीतरी म्हणालं.

"अरे, दिल्लीवाले वेगळं काय म्हणतायत?"

"मग 'झालाच' कापू."

"वा! म्हणजे राहिलं नुसतं 'पाहिजे'. आपण काय भीक मागतोय?"

"'संयुक्त' जरा बारीक करून..."

"तुमचं डोकं बारीक करा!"

प्रकरण हातघाईवर यायला लागलं तेव्हा दाजीसाहेबांनी निकाल दिला. अक्षराला धक्का न लावता, कडेकडेने, कोपऱ्यांत भोकं पाडावीत. पाडली. मग माईंना वाटलं, कापड फाटत जाईल. म्हणून त्यांनी बसून प्रत्येक भोकाला सुबक काज करून घेतलं. काजं केल्यावर भोकं निम्मी झाली. त्यातही दर दसऱ्याला दाजीसाहेब अक्षरांवर ताजा रंग चढवायचे, त्यामुळे मांजरपाटाची ताडपत्री होत चालली. एवढ्या खटपटीचं फळ इतकंच की गाडी भायखळ्याऐवजी लालबागला उकळू लागली.

आणि तिथे ठरून गेलं. दर महिन्याच्या त्या रविवारी, लालबागला, एका चाळीसमोर. तळमजल्यावर गावडेबाईंची खानावळ होती. मालवणकडच्या, काळ्यासावळ्या, दणकट. गिरणीतले लोक त्यांच्याकडे जेवायचे. पहिल्यांदा मी डबा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं होतं. पुढे पुढे गाडीचा आवाज ऐकूनच त्या कळशी घेऊन बाहेर यायच्या. "इली काय गाडी? थांबा, पानी हाडतंय."

गाडी थंड व्हायला वेळ लागायचा. तिथून पुढे शीवपर्यंत जायची छाती व्हायची नाही, तसेच मागे फिरायचो. मग भुजण्याचं काय करणार? खानावळीत डबा उघडला जायचा. एवढी वर्षं आक्कांच्या नावाने निघालेलं भुजणं गिरणीच्या खात्यातल्या लोकांनी खाल्लं. बदल्यात माईंच्या डब्यात कधी कुळथाची पिठी, कधी बांगड्याचं तिखलं. दाजीसाहेब बाकावर बसायचे, आधी कोट सावरून एका टोकाला, मग हळूहळू मधोमध. जन्मात गिरणीचं दार न बघितलेला हा माणूस साचा म्हणजे काय, बॉबिन म्हणजे काय, विचारू लागला. कोणाची पाळी कधी, कोणाच्या मुलीचं कुठे जमलंय, सगळी माहिती. फक्त पाणी प्यायचे ते स्वतःच्या फिरकीच्या तांब्यातून.

गावडेबाई एकदा बोलल्याच. "काय ओ दाजीनू, गाडयेक आमचा पानी चलता, तुमका चलना नाय?"

दाजीसाहेबांनी तांब्याची फिरकी लावली. "प्रकरण विचाराधीन आहे," ते म्हणाले. पण नेहमीसारखं ठासून म्हणाले नाहीत.

इकडे शीवला आक्कांचे यजमान रावसाहेब गाडीला 'बंब' म्हणू लागले होते. "काय, तुमचा बंब लालबागपर्यंत आला का?" असं ते फोनवर विचारत. वाडीच्या नाक्यावरच्या औषधवाल्याकडे तो फोन यायचा, म्हणजे गिरगावभर. माई इरेला पेटल्या. शीवला जाईन तर आपल्या गाडीतून, नाहीतर नाही. असं त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या आणि बुधवारी दुपारी दाजीसाहेब झोपले की गुपचूप बस पकडून आक्काला भेटून यायच्या. वाडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटायचं, दाजीसाहेबांना तेवढं ठाऊक नाही. पण बुधवारी त्यांच्या खिशातली सुटी नाणी बससाठी काढून टेबलावर ठेवलेली असायची, आणि ती कशासाठी, हे दोघांपैकी कुणीच बोलायचं नाही.

मग तो हरताळाचा दिवस आला. ट्राम नाही, बस नाही, टॅक्सी नाही, गिरण्या बंद, रस्ते ओस. सकाळी औषधवाला धावत आला. रावसाहेबांचा फोन होता. आज त्यांनी बंब म्हटलं नाही. आक्कांच्या छातीत कळ आली होती, डॉक्टर बसले होते, आणि आक्का सारखं "माई, माई" करत होत्या.

मी खाली आलो तर दाजीसाहेब गाडीपुढे उकिडवे बसलेले. हातात माईंची सुरी. सुतळीच्या गाठी पावसाने आणि रंगाने दगड झाल्या होत्या, सुटत नव्हत्या. त्यांनी एक कापली.

"दाजीसाहेब!" मी म्हणालो.

"प्रधान, डबा भरून घ्या. आज शीव गाठायचं आहे." वाडीतली माणसं दारांत येऊन उभी होती. त्या सभेत टोमणा मारणारासुद्धा मान खाली घालून उभा होता.

माई डबा घेऊन जिना उतरल्या. सुरीकडे बघितलं, लोंबणाऱ्या फलकाकडे बघितलं. "हे काय चाललंय?"

"फलक असला तर गाडी पोचणार नाही."

"आणि तुमचा शब्द?"

"शब्द माझा आहे," दाजीसाहेब सुरी न थांबवता म्हणाले. "बहीण तुझी आहे."

माईंनी ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, आता रडतील. पण पुढच्या क्षणी त्यांनी सुरी हिसकावून घेतली. "अहो, अक्कल आहे का तुम्हाला? आज रस्त्यावर दुसरी एक तरी गाडी दिसतेय? लालबागला लोक गाडीला आडवे झोपलेत. हे फडकं बघून सोडतील तर सोडतील, नाहीतर आपण भायखळ्यालाच थांबू. बांधा ती गाठ!" आणि डब्याची सुतळी सोडून कापलेलं टोक त्यांनी स्वतःच जाळीला बांधलं. अशी गाठ मारली की पास्कोलही बघत राहिला. मग भुजण्याचा डबा मांडीवर गच्च धरून त्या पुढच्या सीटवर बसल्या.

त्या दिवशीचा प्रवास मला पावलापावलाने आठवतो. भायखळ्याच्या पुढे जमावाने अडवलं. दगड हातात होते. मग पुढच्यांनी फलक वाचला, आणि "जाऊ द्या, आपली गाडी आहे!" म्हणत माणसं बाजूला झाली. कुणी हार घातला असता तर बरं वाटलं असतं, पण त्यांनी घोषणा दिल्या आणि गर्दीतून पावलाच्या वेगाने चालायला लावलं. त्या वेगाला गाडी आणखीच तापली. लालबागला आलो तेव्हा झाकण थडथडत होतं.

दुपार झालेली. चाळीला पाणी सकाळीच येऊन गेलेलं, त्यानंतर पिंपात असेल तेवढंच. गावडेबाईंनी माईंचा चेहरा बघितला आणि नुसतं विचारलं, "कोण?" माई म्हणाल्या, "बहीण." गावडेबाई आत गेल्या आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाचं पिंप दोघांकडून उचलवून बाहेर घेऊन आल्या. शेजारच्या खोल्यांतून हंडे आले, घागरी आल्या. अर्धं पाणी गाडीत, अर्धं डब्यात. मी "असू द्या, असू द्या" म्हणत होतो, त्यांनी मला बाजूला ढकललं.

परळला जमाव एवढा की गाडी हलेना. एका तरण्या पुढाऱ्याला वाटलं, फलकवाली गाडी म्हणजे कुणीतरी वक्ता आलाय. "भाषण! भाषण!" दाजीसाहेबांना लोकांनी धरून फूटबोर्डवर उभं केलं. आयुष्यात या माणसाने कधी जमावापुढे तोंड उघडलं नव्हतं, वाडीतली ती चार वाक्यं सोडून. त्यांनी कोटाची बटणं चाचपली.

"सदर गाडी आजारी माणसाकडे चालली आहे," ते म्हणाले. "नोंद घ्यावी."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "घेतली नोंद! ए, वाट सोडा रे!" आणि काय सांगू, भोईवाड्याच्या नाक्यापासून दादरपर्यंत लोकांनी गाडी अक्षरशः ढकलत नेली. इंजिन बंद, आम्ही आत बसलेलो, आणि बाहेर घोषणा. त्यामुळे इंजिनालाही जरा विसावा मिळाला. माई मध्येच म्हणाल्या, "बघा, फलक होता म्हणून." फडकं नाही म्हणाल्या, फलक म्हणाल्या. दाजीसाहेबांनी मान हलवली.

दादरच्या पुढे रस्ता मोकळा. डब्यातलं पाणी संपलेलं, आजूबाजूला माणूस नाही, आणि माटुंगा ओलांडता ओलांडता पुन्हा वाफ. शीव समोर दिसतंय आणि गाडी विचार करतेय. मी खाली उतरून हताश उभा. दाजीसाहेबांनी सीटखालून फिरकीचा तांब्या काढला. उकळलेलं, गाळलेलं, पुन्हा उकळलेलं पाणी. उन्हाने त्यांचे ओठ कोरडे पडले होते. त्यांनी तांब्या माईंपुढे धरला, माईंनी मान हलवली. मग त्यांनी रुमालाने झाकण उघडलं आणि सगळा तांब्या, शेवटच्या थेंबापर्यंत, गाडीच्या तोंडात ओतला.

आम्ही आक्कांच्या दारात पोचलो ते वाफेच्या ढगातून. रावसाहेब खाली धावत आले. गाडीकडे बघितलं, फलकाकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं आणि आत जाऊन पाण्याची बादली घेऊन आले. वरच्या खिडकीजवळच्या पलंगावरून आक्कांचा बारीक आवाज आला, "माई, अगं, बंब आला वाटतं!" आणि त्या हसल्या. डॉक्टर म्हणाले, हसू नका. आक्का म्हणाल्या, "मग हिला वर पाठवा आणि डबा उघडा." खायची परवानगी नव्हती. त्यांनी नुसता वास घेतला आणि बहिणीचा हात धरून झोपल्या. पुढे बऱ्याही झाल्या. रावसाहेबांनी बंब हा शब्द त्यानंतर कधी काढला नाही, उलट आक्काच तो वापरायच्या.

आणि मग एकदाचा तो मे महिन्याचा पहिला दिवस उजाडला. मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य झालं. वाडीत रात्रभर कुणी झोपलं नव्हतं. सकाळी सगळ्यांसमोर माईंनी फलकाच्या सुतळ्या कापल्या. खालची जाळी इतकी वर्षं ऊनपाऊस न लागल्यामुळे लख्ख चकाकत होती, बाकी गाडी मात्र पार विटलेली. दाजीसाहेब फलकाची घडी घालायला गेले, पण तो ताडपत्रीसारखा ताठ, मोडेना, म्हणून त्यांनी तो गुंडाळी करून आत नेऊन ठेवला. कंपाउंडरच्या घरी त्यांनी स्वतः जाऊन पेढे दिले. बाहेर आल्यावर बराच वेळ चष्मा पुसत होते.

मग आम्ही शीवला निघालो. भायखळा गेलं, वाफ नाही. पास्कोल माझ्या शेजारी बसून, "बघा, माझं काम! माझं काम!" म्हणत मला ढोसत होता. लालबाग आलं. गाडी झोकात चालली होती, थांबायचं काही कारण नव्हतं. दाजीसाहेबांनी चाळीसमोर ब्रेक मारला.

गावडेबाई सवयीने कळशी आणि तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि चकित झाल्या. वाफ नाही, आवाज नाही. त्यांनी बोनेटवर हात टेकला. "आज तापूक नाय ती? थंडगार आसा, ओ दाजीनू! मग थांबलात कित्याक?"

दाजीसाहेब उतरले. त्यांनी टोपी काढून माईंच्या हातात दिली.

"तिला नको," ते म्हणाले. "मला द्या."

त्यानंतरही मी त्यांना पुष्कळ वेळा पाहिलं असणार. पण दाजीसाहेब म्हटलं की मला ते लालबागला त्या चाळीसमोर उभे दिसतात. बंद कोट, मान मागे टाकलेली, गावडेबाईंचा तांब्या वर धरून घटाघटा पीत आहेत, पाणी हनुवटीवरून कोटाच्या बटणांवर सांडतंय, आणि गावडेबाई कळशी तिरकी धरून विचारतायत, "अजून हाडू?"